‘लिनी’ राहिलं होतं

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन गावांत मिळून खोटं बोलून लोकांनी जेवढी कामं उरकली असतील, त्याहून जास्त कामं माझ्या आतेदिरांनी खरं बोलून अडवली आहेत. हे मी रागाने म्हणत नाही. पूर्वी रागाने म्हणायचे. आता सवयीने म्हणते.

आतेदीर म्हणजे आमच्या ह्यांचे आतेभाऊ. ह्यांच्याहून सहा वर्षांनी लहान, माझ्याहून एका वर्षाने. मी त्यांना भावोजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात, आणि पन्नास वर्षांत आमची सलगी याच्यापुढे एक पाऊल गेलेली नाही. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात ते गोदाम सांभाळायचे. माल उतरला की पिंपं मोजायची आणि पावतीवर सही करायची, एवढंच काम. पण त्यांनी ते अशा निष्ठेने केलं की ट्रकवाले त्यांची पाळी संपेपर्यंत रस्त्यातच कुठेतरी चहा पीत बसायचे. एकदा कागदावर चाळीस पिंपं होती आणि मोजताना एकोणचाळीस भरली. ड्रायव्हर शपथा घेऊन थकला. भावोजी म्हणाले, “चाळिसावं दाखवा, सही घ्या.” दुपार गेली, चहाची वेळ गेली, आणि संध्याकाळी कुणाच्या तरी लक्षात आलं की ड्रायव्हर दुपारपासून ज्याच्यावर बसून वाद घालतोय तेच चाळिसावं. भावोजींनी त्याला उठवलं, पिंपाला हात लावला आणि सही केली. आधी का नाही बोललात, असं विचारल्यावर म्हणाले, “माणूस बसलेला असताना ते आसन होतं.”

असा माणूस निवृत्त झाला आणि लोकांनी त्याला साक्षीदार म्हणून न्यायला सुरुवात केली, यात लोकांचीच चूक. घर विकायचं, विकत घ्यायचं किंवा कुणाला बक्षीस द्यायचं, तर निबंधकाच्या कचेरीत दस्त नोंदवावा लागतो, आणि समोर उभा आहे तो खरोखर तोच माणूस आहे असं सांगायला दोन साक्षीदार लागतात. भावोजींकडे वेळ होता, सगळी कार्डं प्लास्टिकच्या पाकिटात होती आणि केस पांढरेशुभ्र होते. साक्षीदाराला आणखी काय हवं? पण त्या दस्तात एक छापील वाक्य असतं, की खाली सही करणारे हे दस्त करून देणाऱ्यांना ‘व्यक्तिशः ओळखतात’. बाकीचं जग ते वाक्य एसटीच्या तिकिटामागच्या मजकुरासारखं सोडून देतं. माझ्या दिरांनी ते वाचलं. तिथून पुढे त्यांचं आणि जगाचं जमलं नाही.

उल्हासनगरच्या एका सिंधी कापडवाल्याने त्यांना दुकानाच्या दस्तासाठी बोलावलं. तो म्हणाला, “अरे साईं, सिर्फ साइन मारना है.” भावोजी म्हणाले, “तुमची ओळख कुठे आहे अजून?” आणि ओळख व्हावी म्हणून त्याच्या दुकानात स्टुलावर दोन दिवस बसले. गिऱ्हाइकं त्यांना आयकरवाला समजून परत गेली. तिसऱ्या दिवशी कचेरीत साहेबांनी विचारलं, “ह्यांना ओळखता ना?” भावोजी म्हणाले, “ओळखतो. कापड मोजताना मीटरमागे दोन बोटं ताणतात. आईला दिवसातून चार वेळा फोन करतात.” कापडवाल्याचं तोंड पहिल्या वाक्याला लाल झालं, आणि दुसऱ्या वाक्याला डोळे ओले झाले. दस्त नोंदला गेला, आणि त्या दुकानात दोन बोटं ताणणं बंद झालं असं म्हणतात. मी मात्र तिथून कापड घेत नाही.

जांभूळ गावच्या एका शेतकऱ्याच्या जमिनीच्या वेळी तर त्यांनी कहर केला. दस्तात चतुःसीमा लिहिलेल्या असतात, म्हणजे जमिनीच्या चारी दिशांना काय काय आहे ते. तिथे लिहिलं होतं, पूर्वेस जुने आंब्याचे झाड. भावोजी खिशात होकायंत्र घालून जमीन बघायला गेले, आणि पूर्वेला आंबा नव्हता. शेतकरी म्हणाला, “व्हता ना काका, गेल्या पावसात पडला त्यो.” भावोजी म्हणाले, “म्हणजे पूर्वेस पोकळी आहे. पोकळीवर मी सही करत नाही.” कागद बदलायचा तर पुन्हा टायपिंग, पुन्हा हेलपाटा. पण कागद बदला असं भावोजी कधी म्हणतच नाहीत. कागद खोटा ठरत असेल तर जग दुरुस्त करावं, अशी त्यांची पद्धत. त्यांनी रोपवाटिकेतून कलम आणायला लावलं, स्वतः उभं राहून पूर्वेला लावून घेतलं, होकायंत्र धरून पाहिलं आणि मग फक्त ‘जुने’ हा शब्द खोडून बाजूला सही केली. ते कलम आता माझ्या डोक्यावर दोन हात गेलंय. दरवर्षी त्याचे आंबे त्यांच्याकडे येतात, आणि ते खाण्याआधी आंबा कलमीच आहे ना ते बघतात.

लग्न त्यांनी केलं नाही. म्हणजे मुली बघितल्या, पण बघितल्यावर “पसंत आहे का?” असं विचारलं की म्हणायचे, “चहा देताना पाहिलं. एवढ्यावर कसं सांगू?” कुणी लग्नाकार्यात हसत पुढे येऊन “ओळखलंत का?” म्हणालं, तर इतर लोक खोटं खोटं हसतात, हे म्हणायचे, “चेहऱ्याने. व्यक्तिशः नाही.” माणूस तिथेच वठायचा. दस्त वाचून वाचून त्यांची भाषाही तशीच झाली. मी लाडू पुढे केला की म्हणणार, “हा मी राजीखुषीने आणि अक्कलहुशारीने घेतोय, वहिनी, कोणाच्या दबावाखाली नाही.” मी एकदा म्हटलं, “भावोजी, दबावाखाली घ्या, पण दोन घ्या.” त्यांनी एकच घेतला.

आता मी इतकी वर्षं या माणसाची टिंगल का करत आले, तर त्याचं मूळ माझ्याच मूर्खपणात आहे, आणि तो सांगायलाच हवा.

माझं माहेरचं नाव गोदावरी. लग्नाच्या वेळी मी एकोणीस वर्षांची होते, मॅट्रिक पास होते, आणि बदलापुरात माझ्याइतकी शिकलेली मुलगी नाही अशी माझी समजूत होती. आमच्या गल्लीत तीन होत्या, पण त्यांच्याशी मी बोलत नसे. गोदावरी या नावाचा मला तिटकारा होता. कुणी हाक मारली की पाणी भरायला बोलावल्यासारखं वाटायचं, आणि खरं म्हणजे त्यासाठीच बोलवायचे. सासरी नाव बदलायची पद्धत होती. सासूबाईंनी ‘उमा’ ठरवलं होतं. मी निरोप पाठवला की मला ‘मृणालिनी’ हवं. हे नाव मी एका मासिकात वाचलं होतं आणि वहीच्या शेवटच्या पानावर त्याची सही गिरवून ठेवली होती. ‘मृ’ चुकीचा काढत होते, हे लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं.

लग्नात लक्ष्मीपूजनाच्या वेळी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. मोठं ताट जिलब्यांना गेलं होतं, म्हणून लहान ताट आलं. चौरंग सापडेना, म्हणून ते ताट हातात धरून अठरा वर्षांचे भावोजी बसले. ह्यांनी ‘मृ’ एवढा मोठा काढला की शहाड स्टेशनच्या पाटीला शोभला असता. मग ‘णा’ काढला. मग ताट संपलं. मी डोक्यावरच्या शेल्यातून सगळं बघत होते आणि मनात म्हणत होते, उमा असती तर दोनदा लिहून झालं असतं. पण मी गप्प बसले, कारण तेवढ्यात फोटो काढत होते आणि मला त्यात विचारी दिसायचं होतं.

पुढे त्या नावाचं काय झालं ते विचारू नका. सासूबाई ‘मृणाल’पर्यंत यायच्या आणि दमून ‘अगं ए’ म्हणायच्या. दूधवाल्याने ‘मिरनाल’ केलं. हे शेवटपर्यंत ‘ऐकलंस का’ वर भागवत राहिले. एकाच ठिकाणी ते पूर्ण उतरलं, ते म्हणजे अंबरनाथच्या आमच्या घराच्या करारनाम्यात. ह्यांनी घर हौसेने माझ्या एकटीच्या नावावर घेतलं. त्या दिवशी मी कचेरीत रेशमी साडी नेसून गेले होते आणि अशी सही केली होती की ती सही नव्हती, रांगोळी होती. पुढे आधार कार्ड काढायला गेले तेव्हा शाळेचा दाखला नेला, त्यावर गोदावरी. म्हणजे घर एका बाईचं आणि आधार दुसऱ्याच बाईला. इतकी वर्षं दोघी एकाच ओट्यावर सुखाने नांदल्या.

गेल्या पावसाळ्यात मी जिन्यात पडले. दवाखान्यात नेताना लेकीने माझा हात धरला होता, आणि मी देवाचं नाव घ्यायचं सोडून घराच्या कागदांचा विचार करत होते. ही माझी लेक संसार मोडून बारा वर्षांपूर्वी माझ्याकडे आली. मुलांच्या शिकवण्या घेते, माझी औषधं बघते, माझी बोलणीही खाते. माझ्या मागे कुणी दारात उभं राहून तिला “तुझं इथे काय?” असं विचारू नये, एवढीच माझी इच्छा. बरी झाले आणि पहिलं काम म्हणजे बक्षीसपत्र करायला घेतलं. वकीलबाई तरुण, हुशार. तिने कागद बघितले आणि म्हणाली, “आजी, गोदावरी आणि मृणालिनी एकच, याचं प्रतिज्ञापत्र लागेल. लग्नाला हजर असलेलं कुणी आहे का हयात? त्यांची त्यावर सही घेऊ, आणि तेच ओळख पटवायला येऊ देत.”

हयात एकच होते. मी धीर करून फोन केला. स्टुलावर दोन दिवस बसायला येतील असं वाटलं होतं, पण भावोजी म्हणाले, “मी लग्नाला होतो. येतो.” मी लेकीला म्हटलं, “बघ, वयाने माणूस मवाळ होतो.” किती मूर्ख असावं माणसाने, आणि तेही सत्तरीला आल्यावर.

कचेरी कुठली ते सांगत नाही. तिन्ही गावांत मला अजून कामं आहेत. सकाळी आम्ही टोकन घेऊन बाकावर बसलो. भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून आले, प्रतिज्ञापत्र मागून घेतलं, भिंग काढलं आणि वाचू लागले. एका ओळीवर भिंग थांबलं. ओळ अशी होती: विवाहसमयी माझे समक्ष सदर गोदावरी हिचे नाव मृणालिनी असे ठेवण्यात आले.

“यावर मला सही करता येणार नाही,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “भावोजी, पन्नास वर्षं मला ओळखता तुम्ही.”

“तुम्हाला ओळखतो, वहिनी. मृणालिनीला ओळखत नाही. ताट माझ्याच हातात होतं. दादाने ‘मृणा’ लिहिलं आणि ताट संपलं. ‘लिनी’ माझ्या समक्ष झालेलं नाही.”

वकीलबाईला वाटलं ते गंमत करतायत. ती हसली, आणि मग आम्ही दोघी हसत नाही हे बघून थांबली. “काका, सगळेच करतात हो सही,” ती म्हणाली. “टोकन येईल आता आपलं. गेलं तर सगळं पहिल्यापासून.”

“सगळे ताट धरून नव्हते बसले,” भावोजी म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “दादा म्हणाला होता, पुढचं घरी लिहितो. लिहिलं का?”

मी आठवून पाहिलं. घरी गेल्यावर नळाला पाणी आलं होतं. नव्या नवरीला आधी हंडा दिला, मग चहा. “नाही लिहिलं,” मी म्हटलं.

“मला वाटलंच. म्हणून तर मी कधी नावाने हाक मारली नाही. अर्ध्या नावाने कशी मारणार?”

पन्नास वर्षं मी समजत होते की हा माणूस आदराने मला वहिनी म्हणतो. माझी लेक एरवी शांत आहे, पण तीही उठून उभी राहिली. “काका, ‘लिनी’साठी माझं घर अडकवणार का तुम्ही?”

 भावोजींनी भिंग खिशात ठेवलं. “तुझंच घर म्हणून अडलोय, बाळा. उद्या कुणी मला उभं करून विचारलं, की तुमच्यासमोर झालं का, तर मला ‘अर्धं झालं’ म्हणावं लागेल. मग तुझं घरही अर्धंच धरतील. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी नुसता निघून गेलो असतो.”

 आतून टोकनांचे आकडे ओरडत होते. आमच्या आधी पाच राहिले होते. भावोजींनी कॉरिडॉरच्या कठड्यावरून खाली बघितलं. खाली एक खानावळ होती.

“तिथे ताट मिळेल का?” ते म्हणाले.

त्याक्षणी मला जांभूळचा आंबा आठवला, आणि मी गुडघ्यांची पर्वा न करता जिना उतरू लागले. खानावळवाली बाई तांदूळ निवडतच बसली होती. लेकीने तिला काय सांगितलं कोण जाणे, ती म्हणाली, “नाम लिखना है? लिखो ना माँजी, पण मेरेकू बारा बजे पकाना है.” तिने मोठं थोरलं स्टीलचं ताट दिलं, त्यात कोरडे तांदूळ पसरले. ताट ठेवायला टेबल होतं. तरी भावोजी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले आणि ताट त्यांनी दोन्ही हातांत धरलं. तांदूळ कडेकडेने सरकत होते.

ह्यांची अंगठी मी ते गेल्यापासून मधल्या बोटात घालते. सैल होते म्हणून दोरा गुंडाळलाय. ती काढली आणि ‘मृ’ काढायला हात पुढे केला, तर भावोजींनी ताट मागे ओढलं.

“ते नको. ते दादाने लिहिलेलं मी पाहिलंय. ते धरलंय मी. तुम्ही पुढचं लिहा.”

बाजूला कुणाची तरी पोळीभाजी आली. वकीलबाई फोनमध्ये टोकन बघत होती. मी अंगठीने ‘ल’ काढला, आणि वेलांटीला अडले. एकोणिसाव्या वर्षी वहीत शंभर वेळा गिरवलेलं नाव, आणि अजून पहिली की दुसरी ते ठाऊक नाही. लेक कानाशी म्हणाली, “पहिली, आई.” मी पहिली दिली. मग ‘नी’ लिहिला. ताट मोठं होतं. बरीच जागा उरली. भावोजींनी ताट मांडीवर ठेवलं, भिंग काढलं, उजवीकडून डावीकडे आणि डावीकडून उजवीकडे बघितलं.

“मृणा,” ते रिकाम्या जागेकडे बोट करून म्हणाले, आणि मग तांदळांकडे, “लिनी. झालं.”

तिथेच खुर्चीवर बसून त्यांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली. ‘विवाहसमयी’ या शब्दापुढे त्यांनी पेन क्षणभर थांबवलं.  पण ते म्हणाले, “विवाह एका दिवसात संपतो असं कुठे लिहिलंय?” आणि पुढे गेले. माझ्या माहितीत या माणसाने कागदाला दिलेली तेवढीच एक सूट.

आत साहेबांनी विचारलं, “ह्यांना व्यक्तिशः ओळखता?” मला वाटलं, आता माझ्या सगळ्या आयुष्याचा पाढा वाचतील, मीठ जास्त घालते इथपासून. पण ते एवढंच म्हणाले, “आता पूर्ण.”

मग अंगठ्याचं यंत्र पुढे आलं. माझा अंगठा उमटला, लेकीचा उमटला. भावोजींचा उमटेना. पुसून बघितला, दाबून बघितला, दुसरा लावला. जन्मभर रसायनांची पिंपं हाताळून रेघा झिजलेल्या. साहेब म्हणाले, “काका, मशीन तुम्हाला ओळखत नाही.” भावोजी आपल्या अंगठ्याकडे बघत उभे राहिले.  माझ्या तोंडून निघून गेलं, “साहेब, मी ओळखते ह्यांना. व्यक्तिशः.” साहेब हसले. “आजी, तुमची ओळख हे पटवणार आणि ह्यांची तुम्ही?” शेवटी डाव्या हाताची करंगळी चालली. भावोजींनी करंगळी पुसून खिशात घातली, जणू ती हरवली असती.

जिना उतरताना ते माझ्यापुढे दोन पायऱ्या होते. मागे न बघता म्हणाले, “सावकाश या, मृणालिनी वहिनी.” मी त्या पायरीवर जरा थांबले. लेकीला वाटलं गुडघा धरला.

दस्त आता लेकीच्या कपाटात आहे. घर तिचं झालं, कुणी काही विचारणार नाही. मी मधूनच तो काढते आणि मागचं पान उघडते. तिथे कॅमेऱ्याने टिपलेला भावोजींचा अर्धे डोळे मिटलेला फोटो आहे, बाजूला करंगळीचा पुसट ठसा, आणि वर ते छापील वाक्य. भावोजी हल्ली बदलापुरातून बाहेर पडत नाहीत. कानही गेलेत. फोन केला की विचारतात, “कोण? पूर्ण नाव सांगा.” मी पूर्ण नाव सांगते.

खानावळवालीने ते तांदूळ बाराला शिजवले असणार. ‘मृणा’ तर लग्नाच्याच दिवशी कुणाच्या तरी पानात गेलं. माझं नाव असं दोन पंगतींत वाढलं गेलं, पन्नास वर्षांच्या अंतराने. पहिल्या पंगतीला माझा उपास होता. दुसऱ्या वेळी मी लेकीला म्हटलं होतं, चल, इथेच वरणभात जेवून जाऊ. पण भावोजींना घरी जायची घाई होती.